लेखक नाही म्हणून पुरावा नाही?

आपल्याकडच्या संशोधनात एक मत आता नियमासारखं पक्कं बसलं आहे. ज्या साधनाला लेखक नाही, त्याचा आधार प्रबंधात घ्यायचा नाही. घेतलाच तर तळटीपेत 'अज्ञात' असं लिहून मोकळं व्हायचं आणि त्यावर कुठलाही निष्कर्ष उभा करायचा नाही. मार्गदर्शक हेच सांगतात, बाह्य परीक्षक तोंडी परीक्षेत हेच विचारतात आणि विद्यार्थी निमूटपणे पानंच्या पानं गाळून टाकतात. मला या मताचा राग येतो, आणि तो लपवायची गरज मला वाटत नाही.

राग येण्याचं कारण धरमतरच्या खाडीकाठी आहे. पेण तालुक्यातल्या एका मुलीने खारेपाटातल्या बांधबंदिस्तीवर प्रबंध लिहायला घेतला. अंबा नदी जिथे खाडी होते, त्या दोन्ही काठांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी चिखलाचे बांध घालून समुद्राकडून भातशेती मिळवली आहे. ती गावोगाव फिरली. समुद्राकडचा बांध, म्हणजे बाहेरकाठा, कुठून कुठे जातो, पाणी सोडायची उघाडी कुठे आहे, कुठल्या उधाणाला बांधाला कुठे खांड गेली आणि ती कोणी भरली, हे तिने म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून लिहून घेतलं. आगरी लग्नात धवलारणी जे धवले गातात, त्यांतले काही तिने ध्वनिमुद्रित केले, कारण त्यांत शेताचे, खाडीचे, पाण्याचे उल्लेख येतात. प्रकरण मार्गदर्शकांकडून परत आलं तेव्हा या प्रत्येक मजकुराशेजारी लाल शाईत एकच शब्द होता : 'लेखक?' आणि शेवटी शेरा, की निनावी साधनं काढून टाकावीत व गॅझेटियरचा आधार घ्यावा.

त्या शेऱ्यामागचा युक्तिवाद मी त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की सोपं प्रतिस्पर्धी मत उभं करून पाडलं. लेखक म्हणजे जबाबदारी. नाव असलं की त्या माणसाची पात्रता तपासता येते, त्याचा हेतू ओळखता येतो, तो कुठे चुकला ते दाखवता येतं. नाव नसलं की दाद मागायची कोणाकडे? शिवाय तोंडी गोष्ट दर वेळी बदलते, तिची संहिता स्थिर नसते. आणि आज फोनवर रोज शेकडो बिननावाचे मजकूर फिरत असताना संशोधनाने तरी दार घट्ट लावायला हवं. वर संदर्भ देण्याच्या जागतिक पद्धतीच लेखकाच्या नावाने सुरू होतात, त्याला आपण काय करणार?

आता यातला एकेक मुद्दा पाहू.

लेखकाचं नाव असलं की साधन विश्वासाचं, हा पहिला दावा महाराष्ट्राने तरी करू नये. शिवाजी महाराजांचा जन्म केव्हा झाला, हा आपल्या इतिहासातला सर्वांत जास्त भांडला गेलेला प्रश्न. मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बखर लिहिली. नाव ठसठशीत, घराणं चिटणिशीचं, दफ्तर हाताशी. त्या बखरीतली जन्मतिथी आहे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७. दुसरीकडे कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात जपलेली एक शकावली होती. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटनांच्या कोरड्या, त्रोटक नोंदी. ती कोणी लिहिली हे ठाऊक नाही. लोकमान्य टिळकांनी ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केली. तिच्यात तिथी आहे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आज महाराष्ट्र शासन शिवजयंती कोणत्या दिवशी साजरी करतं? निनावी शकावलीने दिलेल्या दिवशी. नामवंत लेखकाची तिथी मागे पडली आणि बिननावाच्या नोंदवहीची तिथी उभी राहिली.

हे कसं झालं? शकावलीचा लेखक सापडला म्हणून झालं नाही. ती कोणाच्या घरात होती, किती जुनी आहे, तिच्यातल्या इतर नोंदी फारसी आणि पोर्तुगीज कागदांशी, पत्रांशी जुळतात का, हे अभ्यासकांनी तपासलं. कवी परमानंदाच्या शिवभारतात तीच तिथी आहे, राजस्थानात मिळालेल्या कुंडल्या तिलाच दुजोरा देतात, हे ताडून पाहिलं. साधनाची पारख अशी होते. नाव हा त्या पारखीतला एक धागा आहे, आणि तो नसला तरी बाकीचे धागे असतातच. ज्या विषयावर महाराष्ट्रात सर्वाधिक भावना गुंतलेल्या आहेत, त्या विषयात आपण बिननावाचं साधन मान्य केलं. मग वडखळजवळच्या बांधाची हकिगत सांगणाऱ्या म्हाताऱ्यापाशी येताच आपला नियम एवढा कडक का होतो?

धरमतरपासून फार लांब न जाता दुसरं उदाहरण देता येतं. अलिबागजवळ आक्षीला एक शिलालेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला, आणि मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्यात राजाचं नाव आहे, प्रधानाचं नाव आहे. मजकूर कोणी रचला, दगडावर कोणी कोरला, त्याचं नाव नाही. मराठीच्या इतिहासाचं पहिलं पान या बिननावाच्या माणसाने लिहिलं. नियम खरोखरच सगळ्यांना सारखा लावायचा असेल, तर भाषेच्या इतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकातून आधी आक्षी काढा. तसं कोणी करणार नाही, आणि करूही नये.

आता गॅझेटियर. 'मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, खंड ११, कुलाबा आणि जंजिरा', सन १८८३. जेम्स कॅम्बेल त्या मालिकेचे संपादक. पण खंड उघडा आणि सांगा, खारजमिनीबद्दलचा, भाताच्या जातींबद्दलचा, आगऱ्यांच्या चालीरीतींबद्दलचा अमुक परिच्छेद कोणी लिहिला? बहुतेक परिच्छेदांखाली नाव नाही. ग्रंथ सरकारी आदेशाने निघाला, एवढी त्याची ओळख. आणि त्या अधिकाऱ्यांना ही माहिती कुठून मिळाली? मामलेदारांकडून, तलाठ्यांकडून, गावच्या पाटलांकडून, आणि त्यांना बांधावरच्या शेतकऱ्याकडून. बांध घालून मिळवलेल्या शिलोत्री जमिनींची व्यवस्था, बांधाच्या दुरुस्तीसाठी बिघ्यामागे द्यायचं भात, हे सगळं त्या भागातली माणसं तोंडी सांगत होती आणि पाळत होती, म्हणूनच ते छापलं गेलं. म्हणजे १८८३ मध्ये एका म्हाताऱ्याने सांगितलेली गोष्ट सरकारी छापखान्यातून गेली की ती साधन, आणि त्याच्याच पणतवाने आज सांगितलेली गोष्ट मात्र ऐकीव! दोन्हींना लेखक नाही. फरक असलाच तर उलटा आहे. गॅझेटियरला सांगणाऱ्याचं नाव आज कोणालाही शोधता येणार नाही. त्या मुलीच्या वहीत मात्र सांगणाऱ्याचं नाव, गाव, वय आणि तारीख आहे.

संहिता बदलते, हा मुद्दा वजनदार वाटतो. धवला दोन धवलारणींच्या तोंडी सारखा नसतो, हे खरं आहे. पण ज्या ग्रंथांना लेखक आहे त्यांची संहिता बदलली नाही का? ज्ञानेश्वरीचा कर्ता सगळ्यांना माहीत आहे, तरी तिच्या पाठांत इतकी सरमिसळ झाली की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ती शुद्ध करायला बसावं लागलं. त्यानंतरही पाठभेदांवरचा वाद संपला नाही. मग आपण ज्ञानेश्वरीचा संदर्भ देणं थांबवलं का? नाही, कोणती प्रत हे सांगायला लागलो. तोंडी गाण्यालाही हीच रीत लागू आहे. कोणी गाईलं, कुठल्या गावी, कुठल्या प्रसंगी, कोणत्या दिवशी. एवढं लिहिलं की तो एक ठरावीक पाठ झाला. दुसरा संशोधक जाऊन दुसरा पाठ आणू शकतो आणि दोन्ही शेजारी ठेवू शकतो.

हे स्वप्नरंजन नाही, हे काम महाराष्ट्रात झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यात बसून, गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या. त्यांची रचनाकार कोण हे कोणी सांगू शकत नाही, पण ओवी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. हा संग्रह आज सर्वांना खुला आहे. कोणाला एखाद्या ओवीचा संदर्भ द्यायचा असेल, तर अनेक छापील पुस्तकांपेक्षा तो अधिक नेमका देता येतो. लेखक नसणं आणि संदर्भ नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका संग्रहाने केव्हाच दाखवून दिलं.

फोनवर फिरणाऱ्या मजकुरांची भीती मला कळते, आणि या मुद्द्यावर मी एवढं मान्य करतो की बिननावाची प्रत्येक गोष्ट मानायची नसते. पण फिरत्या मजकुराला लेखक असतो, त्याने नाव दडवलेलं असतं. तो कुठून निघाला हे लपवणं हाच त्याचा उद्देश असतो. लग्नाच्या मांडवात तेलवणीच्या विधीला चार गावच्या बायकांसमोर गाणारी धवलारीण काय लपवते? तिने शब्द चुकवला तर बाजूची म्हातारी तिथल्या तिथे टोकते. ते गाणं तिला सासूकडून किंवा आईकडून मिळालं हे ती स्वतः सांगते. लपलेला लेखक आणि अनेक पिढ्यांचं सामाईक कर्तृत्व यांना एकाच पोत्यात घालणाऱ्याने ना अफवा नीट पाहिली, ना परंपरा.

जागतिक पद्धतीचं कारण तर नुसतं ऐकीव आहे. जे त्या पद्धतींचा हवाला देतात त्यांनी त्या उघडून वाचलेल्या नाहीत. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेची, म्हणजे आपल्याकडे एपीए म्हणून चालणारी पद्धत स्पष्ट सांगते, की लेखक माहीत नसेल तर लेखकाच्या जागी शीर्षक घ्या, आणि 'अज्ञात' हा शब्द त्या कृतीवरच तसा छापलेला असेल तरच वापरा. एमएलए पद्धतही शीर्षकानेच सुरुवात करायला सांगते. संस्थेने काढलेला मजकूर असेल तर संस्थाच लेखक धरली जाते. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. पेण तालुक्यातल्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्राच्या, म्हणजे सेझच्या, प्रश्नावर सार्वमत झालं. त्या लढ्यावर लिहिणाऱ्याने संघर्ष समितीची पत्रकं वापरायची नाहीत का? पत्रकावर एका माणसाचं नाव नसतं, कारण ते एका माणसाचं म्हणणं नसतं. समितीचं नाव, पत्रकाचं शीर्षक, तारीख, प्रत कोणाकडे आहे, एवढं दिलं की संदर्भ पुरा होतो. नियमांत यासाठी जागा आहे. बंदी आपण आपल्या पदरची घातली आहे.

जग तर याच्याही पुढे गेलं. कॅनडात लॉरिसिया मॅक्लाऊड या ग्रंथपाल बाईंनी आदिवासी ज्येष्ठांच्या आणि ज्ञानधारकांच्या तोंडी सांगण्यासाठी संदर्भाचे स्वतंत्र साचे तयार केले. त्यांत सांगणाऱ्याचं नाव, जमात, प्रदेश, विषय आणि तारीख येते, आणि ते साचे आता तिथल्या अनेक विद्यापीठांत चालतात. त्याच देशात गिट्क्सन आणि वेट्सुवेटन या जमातींनी जमिनीच्या हक्कासाठी खटला लढवला. त्यांची गाणी आणि परंपरागत कथन हा त्यांच्या पुराव्याचा मोठा भाग होता. एका वृद्धेने कोर्टात आपलं गाणं म्हटलं तेव्हा खालच्या न्यायाधीशांना ते रुचलं नाही, आणि १९९१ च्या निकालात त्यांनी या पुराव्याला फारसं वजन दिलं नाही. १९९७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला आणि तोंडी इतिहासाला लेखी कागदांच्या बरोबरीने स्थान द्यायला सांगितलं.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, २००८ सालच्या नियमावलीत, दावेदार सोडून इतर वृद्धांचं लेखी नोंदवलेलं निवेदन हा पुरावा म्हणून धरला आहे. पेण आणि रोह्याच्या डोंगरातली कातकरी आणि ठाकूर कुटुंबं याच नियमाखाली दावे लावतात. ज्या म्हाताऱ्याच्या शब्दावर भारताचा कायदा जमिनीचा विचार करायला तयार आहे, त्याच म्हाताऱ्याच्या शब्दावर एक तळटीप द्यायला विद्यापीठ तयार नाही. हे कुठलं काटेकोरपण?

आणि आता मला ज्याची खरी चीड आहे ते सांगतो. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात नाव घालून लिहायची सोय कोणाला होती? खोताला होती, सावकाराला होती, सरकारला होती. कुळाच्या वाट्याला कबुलायतीखालचा अंगठा आला. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीला नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप पुकारला गेला आणि तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून ही माणसं उपाशीपोटी टिकली. खोतांच्या वह्या, कोर्टाचे कागद, सरकारी अहवाल यांना लेखक आहेत. त्या वर्षांत घर कसं चाललं, बायकांनी काय केलं, हे ज्यांनी भोगलं त्यांनी लिहिलं नाही, सांगितलं. आता नियम असा करा की लेखक असलेलंच साधन चालेल, आणि बघा तुमच्या प्रबंधात कोण बोलतं. खोत बोलेल, कलेक्टर बोलेल. कूळ गप्प राहील. हा नियम तटस्थ आहे असं कोणी मला सांगू नये. तो एका बाजूचा आहे, आणि ती बाजू कोणती हे खारेपाटातल्या कुठल्याही घरात विचारा.

बांधाचंच घ्या. उघाडीची झडप भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होते आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. ती कुठे बसवायची, कुठल्या पातळीला बसवायची, बांधाच्या बाहेर तिवरं का राखायची, भरती कमी असते त्या भांगाच्या दिवसांत कुठलं काम उरकायचं, हे ज्ञान कोणा एकाचं नाही. १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली दुसरा झाला, पण बांध त्याच्या कितीतरी आधीपासून उभे होते. कायद्याची कलमं संदर्भसूचीत बसतात. मग ज्यांनी बांध घातला त्यांचं शास्त्र तिथे बसत नाही हे कसं चालेल? उधाणात बाहेरकाठा फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं की पुढची काही वर्षं भात हाती लागत नाही. अशा प्रदेशात, पूर्वी खांड कुठे गेली होती हे सांगणारा माणूस अभियंत्याला हवा असतो. संशोधकाला नको?

आता उरला तो मधला मार्ग, 'अज्ञात' लिहून सुटण्याचा. मला तो बंदीइतकाच वाईट वाटतो, कारण तो बहुतेक वेळा खोटा असतो. गाणं कोणी रचलं हे अज्ञात असेल, पण ते तुम्हाला कोणी दिलं हे अज्ञात नसतं. ती बाई तुमच्यासमोर बसून गायली, तिने चहा दिला, तुम्ही तिचा आवाज फोनमध्ये घेतला आणि प्रबंधात लिहिलं 'पारंपरिक लोकगीत'. तिचं नाव गेलं, गाव गेलं, आणि पदवी मात्र तुमच्या नावावर लागली. याहून वाईट म्हणजे संग्राहकालाच लेखक करणं. साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या म्हणून त्या साने गुरुजींच्या होत नाहीत, सरोजिनी बाबरांनी संपादन केलं म्हणून ते गाणं त्यांचं होत नाही, आणि या दोघांनीही तसा दावा केलेला नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातून पानंच्या पानं उचलली तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांखाली कारवाई होते. धवलारणीकडून अख्खं गाणं घेतलं तर कोणी विचारतही नाही. वाङ्मयचौर्याची व्याख्या माणूस बघून बदलते का?

तळटीप कशी हवी हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. धवला, तेलवणीच्या वेळचा. गाणाऱ्या बाईचं नाव तिच्या परवानगीने, वय, गाव, तालुका. कोणाकडून शिकली. कुठल्या दिवशी, कोणाच्या मांडवात ऐकला. कोणी लिहून घेतला, ध्वनिमुद्रण कुठे ठेवलं आहे. बांधाच्या हकिगतीलाही हेच, आणि सोबत ती हकिगत कुठल्या कागदाशी जुळते व कुठे जुळत नाही, याची एक ओळ. यात कुठली शिथिलता आहे? उलट छापील पुस्तकाचं नाव आणि पान टाकण्यापेक्षा हे काम अवघड आहे. ते करायला एसटीने पेणला उतरून चिखल तुडवत बांधावर जावं लागतं.

म्हणून मार्गदर्शकांना आणि परीक्षकांना माझं सरळ सांगणं आहे. 'लेखक कोण' हा प्रश्न जरूर विचारा, पण त्याच्या उत्तरावर साधन मारू नका. कोणाकडून मिळालं, कधी मिळालं, कशाशी ताडून पाहिलं, हे विचारा, आणि त्याचं उत्तर नसेल तर खुशाल नापास करा. त्या मुलीने काढून टाकलेली पानं तिला परत घालू द्या. आणि पेण, रोहा, अलिबागकडच्या ज्या घरांत अजून कोणी धवले म्हणतं, बांधाच्या खांडी कोणाला आठवतात, त्या घरच्या शिकल्यासवरल्या मुलांनी या पावसाळ्याआधी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं. वर सांगणाऱ्याचं नाव लिहावं, खाली गाव आणि तारीख.